पडीक जमिनीची किंमत

एकाच जमिनीच्या दोन किमती आहेत. एक ६,२७,५७२ डॉलर. दुसरी १,५८,५४,८४९ डॉलर. जमीन ग्वाटेमालात, पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या तिकिसाते भागात, दोन लाख नऊ हजार एकरांहून थोडी अधिक आणि पडीक. पहिली किंमत १९५३ साली ग्वाटेमाला सरकारने ठरवली. दुसरी एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने युनायटेड फ्रूट कंपनीच्या वतीने मागितली. सरकार एकरी तीन डॉलर द्यायला तयार होतं, मागणी पंचाहत्तरची होती.

तीन डॉलर हा भाव सरकारने मनाने काढलेला नव्हता. कर भरताना कंपनीनेच सरकारदरबारी आपल्या जमिनीची जी किंमत लिहून दिली होती, तीच कायद्याने भरपाईसाठी धरली. खरेदीखतावर एक आकडा आणि व्यवहारात दुसरा, हा प्रकार आपल्याकडे जमिनीचा एखादा तरी सौदा पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कर देताना जमीन स्वस्त आणि मोबदला घेताना महाग. ग्वाटेमालाने कंपनीला तिचाच आकडा परत वाचून दाखवला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत ते सरकार गेलं, आणि त्या देशात पुढची चार दशकं जे घडलं ते लिहिताना आजही हात थांबतो.

शीतयुद्धाच्या इतिहासात ही गोष्ट सहसा दोन परिच्छेदांत उरकली जाते: अमेरिकेला कम्युनिझमची भीती वाटली, सीआयएने उठाव घडवला, लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष गेला. हे सगळं खरं आहे. पण वॉशिंग्टनपासून सुरुवात केली की जमीन दिसत नाही, आणि या गोष्टीच्या मुळाशी जमीनच आहे.

ग्वाटेमाला आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. १९५० साली लोकसंख्या अठ्ठावीस लाखांच्या आसपास होती. त्यात निम्म्याहून अधिक माया लोक. किचे, काक्चिकेल, माम, केक्ची अशा आपापल्या भाषा बोलणारे, डोंगरउतारावरच्या तुकड्यांत मका आणि घेवडा पिकवणारे. लागवडीयोग्य जमिनीपैकी सुमारे सत्तर टक्के जमीन तेव्हा जेमतेम दोन टक्के मालकांच्या हातात होती. ही विषमता अनादी काळापासून चालत आलेली नव्हती. ती कायद्याने, कागदोपत्री, आणि बरीचशी कॉफीसाठी उभी केली गेली होती.

१८७१ मध्ये सत्ता उदारमतवादी म्हणवणाऱ्या पक्षाकडे आली. १८७३ पासून हुस्तो रुफिनो बारियोस राष्ट्राध्यक्ष होते. युरोपात कॉफीला भाव होता आणि कॉफीला डोंगरउतार लागतो. तिथे गावकीच्या सामाईक जमिनी होत्या. त्या मोठ्या प्रमाणावर काढून घेऊन मळेवाल्यांना विकल्या गेल्या. पुढे बऱ्याच मळ्यांवर जर्मन मालक आले. जमीन मिळाली, पण वेचणीच्या हंगामात माणसं कुठून आणायची? त्यासाठी गावावर माणसांची मागणी लावण्याची जुनी वेठ कायद्यात बसवली गेली, आणि तिच्या जोडीला आली उचल. मजुराला आधी पैसे द्यायचे, मग ते कधीच फिटू नयेत असा हिशेब ठेवायचा. ऊसतोड कामगारांच्या फडातला उचल हा शब्द ज्यांना माहीत आहे, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजवायला नको.

१९३४ मध्ये होर्हे उबिको या हुकूमशहाने ही कर्जं रद्द केली. ऐकायला बरं वाटतं, पण त्याच वेळी त्याने भटकेपणाविरुद्धचा कायदा आणला. ज्याच्याकडे ठरावीक मापाची जमीन नाही, तो माणूस कायद्याच्या दृष्टीने भटका. त्याने वर्षातले शंभर ते दीडशे दिवस दुसऱ्याच्या मळ्यावर काम केलं पाहिजे, आणि ते केल्याची नोंद असलेलं छोटं पुस्तक सतत जवळ बाळगलं पाहिजे. पुस्तकात दिवस कमी भरले की अटक आणि फुकट रस्तेबांधणी. आधी जमीन काढून घ्यायची आणि मग जमीन नाही हाच गुन्हा ठरवायचा. या कायद्याबद्दल वाचताना मला आजही संताप येतो.

या देशात युनायटेड फ्रूट कंपनी केळी पिकवत होती. १८९९ मध्ये बोस्टनमध्ये स्थापन झालेली ही कंपनी देशातली सर्वांत मोठी खासगी जमीनमालक होती, सुमारे साडेपाच लाख एकरांची धनी. रेल्वे तिच्या नियंत्रणाखाली, अटलांटिककडचं पुएर्तो बारियोस हे बंदर तिच्या मुठीत, माल नेणारी पांढरी जहाजं तिची. १९३६ मध्ये उबिकोने तिच्याशी नव्याण्णव वर्षांचा करार करून जवळजवळ सगळ्या करांतून सूट दिली. लोक तिला एल पुल्पो म्हणत, म्हणजे ऑक्टोपस. न्यायाने बोलायचं तर तिच्या मळ्यांवर मजुरी इतर मळ्यांपेक्षा बरी होती, दवाखाने होते. पण आपल्या जमिनीपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के जमीन तिने पडीक ठेवली होती. कंपनी म्हणे, केळीवर पनामा रोग पडतो, तो मातीतून पसरतो, म्हणून राखीव जमीन लागते. रोग खरा होता; त्यानेच पुढे ग्रो मिशेल ही जुनी जात जगाच्या बाजारातून घालवली आणि कॅव्हेंडिश गटातल्या जाती आणल्या. जळगावच्या बागांतली ग्रँड नैन याच गटातली. तरीही जमिनीवाचून माणसं उपाशी असलेल्या देशात एवढी जमीन मोकळी ठेवणं किती काळ निभणार होतं?

जून १९४४ मध्ये विद्यार्थी आणि शिक्षक रस्त्यावर आले. मोर्चावरच्या गोळीबारात मारिया चिंचिया ही शिक्षिका मारली गेली आणि १ जुलैला उबिकोने पद सोडलं. ऑक्टोबरमध्ये तरुण अधिकाऱ्यांनी आणि नागरिकांनी मिळून त्याच्या वारसालाही हटवलं. निवडणुकीत अर्जेंटिनाहून परतलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हुआन होसे आरेव्हालो प्रचंड बहुमताने आले. भटकेपणाचा कायदा गेला, सामाजिक सुरक्षा संस्था उभी राहिली, १९४७ मध्ये कामगार कायदा झाला. आरेव्हालोंना सहा वर्षांत वीसहून अधिक उठावांच्या प्रयत्नांना तोंड द्यावं लागलं, पण जमिनीच्या प्रश्नाला त्यांनी हात घातला नाही.

तो घातला हाकोबो आर्बेन्स यांनी. केत्साल्तेनांगोत औषधविक्रेत्या स्विस बापाच्या पोटी जन्मलेले, लष्करी शाळेतले हुशार विद्यार्थी, १९४४ च्या उठावातले कॅप्टन. पत्नी मारिया विलानोवा एल साल्वादोरमधल्या श्रीमंत घराण्यातली. मार्च १९५१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. कंपनीचं राष्ट्रीयीकरण करण्याऐवजी त्यांनी तिच्याशी स्पर्धा मांडली: रेल्वेला पर्याय म्हणून अटलांटिकपर्यंत महामार्ग, पुएर्तो बारियोसला पर्याय म्हणून सरकारी बंदर, विजेसाठी सरकारी जलविद्युत प्रकल्प. आणि १७ जून १९५२ रोजी त्यांनी जमीन सुधारणेचा कायदा केला. त्याचा क्रमांक ९०० होता, म्हणून इतिहासात तो ‘हुकूम ९००’ याच नावाने ओळखला जातो.

हा कायदा उतावळ्या क्रांतिकारकाच्या हातचा वाटत नाही. सुमारे २२३ एकरांपर्यंतच्या जमिनीला त्याने हातच लावला नाही. त्याहून मोठ्या, मध्यम आकाराच्या मळ्यांतली दोन तृतीयांश जमीन लागवडीखाली असेल तर ते सुरक्षित. घ्यायची ती पडीक जमीन, आणि तीही भरपाई देऊन: पंचवीस वर्षांच्या मुदतीचे, तीन टक्के व्याजाचे सरकारी रोखे, किंमत मालकाने करासाठी जाहीर केलेली. खरी ताकद होती गावपातळीवरच्या समितीत. पाच सदस्य: एक जिल्ह्याच्या गव्हर्नरने नेमलेला, एक नगरपालिकेचा, तीन स्थानिक शेतकरी संघटनेचे. गावातल्या भूमिहीनाने अर्ज करायचा, समितीने जाऊन जमीन पाहायची. ज्याला काल मजुरीच्या पुस्तकासाठी अडवलं जात होतं, तो आज मळेवाल्याची कुठली जमीन पडीक आहे हे सांगायला समितीसमोर उभा होता.

आपल्या कूळकायद्याचा काळ हाच. मुंबई प्रांताचा कायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याची तरतूद लागू झाली. आपल्याकडेही त्यातून खटले झाले, पळवाटा निघाल्या, कुळं बेदखल झाली. पण त्या कायद्यापायी कुणाची विमानं आली नाहीत. त्या दशकांत जमिनीच्या फेरवाटपाची गोष्ट जगभर चालू होती. जपान आणि तैवानमध्ये तर ती अमेरिकेच्या पाठिंब्याने झाली होती.

दीड-दोन वर्षांत सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली. खुद्द आर्बेन्स यांची सतराशे एकर जमीन या कायद्यात गेली. वाटपात चुकाही झाल्या: काही ठिकाणी घुसखोरी झाली, शेजारशेजारच्या गावांत हद्दीवरून मारामाऱ्या झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रिया थांबवायचा प्रयत्न केला तेव्हा त्या न्यायाधीशांनाच काढण्यात आलं. हे आर्बेन्स यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी झाकू नये.

आता महासत्तांकडे वळू. कोरियातलं युद्ध चालू होतं, अमेरिकेत सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी चौकशा गाजत होत्या, पूर्व युरोप सोव्हिएत छायेत गेला होता. कंपनीने एडवर्ड बर्नेस या जनसंपर्क तज्ज्ञाला कामाला लावलं. त्याने अमेरिकी पत्रकारांना कंपनीच्या खर्चाने ग्वाटेमाला दाखवून आणलं आणि वर्तमानपत्रांत लाल धोक्याच्या बातम्या येऊ लागल्या. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि त्यांचे भाऊ, सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस, दोघेही पूर्वी ज्या वकिली संस्थेत होते तिने कंपनीचं काम केलेलं होतं. यावरून पुष्कळांचा निष्कर्ष असा की केळीच्या कंपनीसाठी एक देश बुडवला गेला.

मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. इतिहासकार प्येरो ग्लेइहेसेस यांनी आर्बेन्स यांच्या पत्नीशी आणि कम्युनिस्ट मित्र होसे मानुएल फोर्तुनी यांच्याशी दीर्घ काळ बोलून जे मांडलं ते अधिक पटतं. आर्बेन्स कम्युनिस्टांच्या खरोखर जवळ होते; जमिनीचा कायदा घडवताना फोर्तुनी त्यांच्या सोबत होते. वॉशिंग्टनची भीती खोटी नव्हती, ती मापाबाहेरची होती. संसदेत कम्युनिस्टांच्या जागा चार होत्या, मंत्रिमंडळात एकही नव्हता, सैन्यात तर त्यांना थारा नव्हता. सोव्हिएत संघाची राजधानीत वकिलात नव्हती. मेक्सिकोतल्या सोव्हिएत दूतावासातला एक अधिकारी एकदा येऊन गेला, तो केळी विकत घेण्याबद्दल बोलायला. पण केळी वाहून न्यायला शीतकक्षांची जहाजं लागतात, ती सोव्हिएत संघ देऊ शकत नव्हता. व्यवहार तिथेच संपला.

पण एव्हाना प्रश्नाचं भाषांतर होऊन गेलं होतं. गावात विचारलं जात होतं, ही जमीन कुणाची? वॉशिंग्टनला ऐकू येत होतं, तुम्ही कुणाच्या बाजूचे? हे भाषांतर करणारे लोक ग्वाटेमालातच होते: ज्यांची जमीन गेली ते मळेवाले, माया मजूर समितीत बसलेला न बघवणारे कसब्यातले प्रतिष्ठित, कॅथलिक चर्चचे आर्चबिशप. गावातला हिशेब स्वतःच्या बळावर जिंकता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो जगाच्या भांडणाला जोडून दिला. विषम समाजात हे सोपं असतं, कारण हरलेल्या बाजूकडेच पैसा, वर्तमानपत्रं आणि परदेशी ओळखी असतात.

ऑगस्ट १९५३ मध्ये सीआयएच्या कारवाईला मंजुरी मिळाली. अंदाजपत्रक सत्तावीस लाख डॉलरचं. नेता म्हणून होंडुरासमध्ये असलेला निर्वासित कर्नल कार्लोस कास्तियो आर्मास निवडला गेला. निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसा मदतीला होता. अमेरिकेने काही वर्षं ग्वाटेमालाला शस्त्रं विकणं बंद केलं होतं, म्हणून आर्बेन्स यांनी चेकोस्लोव्हाकियाकडून रोख पैसे मोजून ती घेतली. १५ मे १९५४ रोजी आल्फहेम हे जहाज सुमारे दोन हजार टन माल घेऊन पुएर्तो बारियोसला लागलं. बरीचशी शस्त्रं महायुद्धातली, जुनाट निघाली. पण वॉशिंग्टनला हवा तो पुरावा त्या जहाजाने दिला.

१८ जूनला कास्तियो आर्मासची माणसं सीमा ओलांडून आत आली, पाचशेच्या आत. लढाई म्हणून पाहिलं तर ती हरत होती. ग्वालान या छोट्या गावी एका तरुण लेफ्टनंटने तीस सैनिकांनिशी शंभराहून अधिक हल्लेखोरांना परतवलं. पुएर्तो बारियोसमध्ये पोलिसांनी आणि गोदी कामगारांनी हल्ला मोडून काढला. मात्र आकाशात सीआयएची विमानं होती, आणि घराघरांत रेडिओ होता. ‘मुक्तीचा आवाज’ हे केंद्र आपण जंगलातून बोलत असल्याचं सांगे. कार्यक्रम प्रत्यक्षात फ्लोरिडात तयार होत होते. मोठ्या फौजा राजधानीकडे निघाल्या आहेत, अमुक छावणी फितूर झाली आहे, असं दिवसरात्र सांगितलं गेलं.

सैन्यातल्या अधिकाऱ्यांना कास्तियो आर्मासचं भय नव्हतं. त्याला हरवलं तर त्याच्या मागे अमेरिकी मरीन सैनिक उतरतील, हे भय होतं. साकापाच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांनी लढायचं नाकारलं. शेतकरी आणि कामगारांना शस्त्रं द्यायचा आर्बेन्स यांचा हुकूमही सैन्याने पाळला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत २५ जूनला हा विषय चर्चेला घ्यायचा ठराव फेटाळला गेला. ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ राहिले. सोव्हिएत संघाने ग्वाटेमालासाठी भाषणं केली, एकदा नकाराधिकारही वापरला. त्यापलीकडे काही केलं नाही. २७ जूनच्या रात्री आर्बेन्स यांनी रेडिओवरून राजीनामा जाहीर केला. देश सोडताना विमानतळावर त्यांना कपडे उतरवायला लावून त्यांची छायाचित्रं काढली गेली.

नवं सरकार आल्यावर हुकूम ९०० रद्द झाला, वाटलेली बहुतेक जमीन काढून घेतली गेली, निरक्षरांचा मताधिकार गेला, म्हणजे बहुसंख्य मतदारांचा. सीआयएची माणसं कागदपत्रं तपासायला आली. मॉस्कोशी असलेल्या संबंधांचा पुरावा त्यांना हवा होता. हाती लागली मॉस्कोतल्या एका पुस्तकाच्या दुकानाची दोन बिलं, मिळून २२ डॉलर ९५ सेंटची. आणि राजीनाम्यानंतर पाचच दिवसांनी, २ जुलैला, अमेरिकेच्याच न्याय खात्याने युनायटेड फ्रूटवर मक्तेदारीविरोधी खटला दाखल केला. त्यातून कंपनीला पुढे आपल्या व्यवसायाचा मोठा भाग सोडावा लागला आणि १९७२ मध्ये तिने ग्वाटेमालातल्या जमिनी विकून टाकल्या. जिच्या पडीक जमिनीवरून हे सगळं झालं, तिलाही ती धड लाभली नाही.

त्या जून महिन्यात राजधानीत सव्वीस वर्षांचा एक अर्जेंटिनी डॉक्टर होता, एर्नेस्तो ‘चे’ गेव्हारा. तो तिथून निष्कर्ष घेऊन गेला की जुनं सैन्य तसंच ठेवून क्रांती टिकत नाही. क्यूबात १९५९ नंतर हा निष्कर्ष अमलात आला. सीआयएनेही आपला निष्कर्ष काढला, की रेडिओ, विमानं आणि मूठभर निर्वासित एवढ्यावर काम होतं. आणि १९६१ मध्ये क्यूबातल्या बे ऑफ पिग्जवरच्या स्वारीत तो फसला. त्या स्वारीचं प्रशिक्षण ग्वाटेमालातल्याच एका मळ्यावर चाललं होतं. त्याचाही राग मनात धरून नोव्हेंबर १९६० मध्ये काही तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं. ते मोडलं, उरलेले डोंगरात गेले, आणि यादवी युद्ध सुरू झालं.

ते १९९६ पर्यंत चाललं. दोन लाखांहून अधिक माणसं मारली किंवा गायब केली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये लिहून ठेवलं: ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया, अत्याचारांपैकी ९३ टक्के सरकारी फौजा आणि त्यांच्या जोडीदारांनी केलेले, ३ टक्के गनिमांनी, आणि काही भागांत माया लोकांचा वंशसंहार झाला. सगळ्यांत भीषण वर्षं १९८१ ते १९८३ होती. तेव्हा लष्कराने गावंच्या गावं जाळली, उभा मका जाळला. १९५४ मध्ये एक प्रश्न दडपला गेला आणि त्यातून हे सगळं सरळ आलं, असं मी म्हणणार नाही. मधल्या प्रत्येक वळणावर ग्वाटेमालातल्या माणसांनी निर्णय घेतले. पण पडीक जमिनीसाठी अर्ज करायची, समितीसमोर उभं राहायची वाट एकदा उघडली होती आणि ती बाहेरच्यांच्या बळावर बुजवली गेली, हे विसरता येत नाही. १९७९ च्या शेतीगणनेतही अडीच टक्के शेतांकडे पासष्ट टक्के जमीन होती.

मार्च १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ग्वाटेमालात जाऊन मान्य केलं की असे अत्याचार करणाऱ्या फौजांना अमेरिकेने दिलेला पाठिंबा चुकीचा होता. २०११ मध्ये ग्वाटेमालाच्या राष्ट्राध्यक्षांनी आर्बेन्स यांच्या कुटुंबाची सरकारच्या वतीने माफी मागितली. आर्बेन्स स्वतः १९७१ मध्येच मेक्सिकोत वारले होते.

१९५८ साली, बाप परागंदा असताना, उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ इथे बेर्नार्दो आरेव्हालो यांचा जन्म झाला. हुआन होसे आरेव्हालोंचे हे चिरंजीव ऑगस्ट २०२३ मध्ये ग्वाटेमालाची निवडणूक जिंकले. सरकारी वकिलांच्या खात्याने तो निकाल फिरवायचा प्रयत्न सुरू केला, तेव्हा तोतोनिकापानच्या किचे गावांचे प्रतिनिधी त्या खात्याच्या दारात येऊन बसले आणि शंभराहून अधिक दिवस हलले नाहीत. १५ जानेवारी २०२४ ला, मध्यरात्र उलटल्यावर, शपथ झाली. नवे राष्ट्राध्यक्ष त्याच रात्री त्या लोकांना भेटायला गेले. ही गावं आपलं सामाईक जंगल आजही गावकीच्या ताब्यात राखून आहेत.